रिकामे सापळे

१९ जुलै

आला एकदाचा डबा! तेलाच्या पाच लिटरच्या डब्याएवढा, आणि त्याच्यासाठी सगळ्या कंपनीचा जीव टांगणीला लागला होता. जयसिंगरावांनी गेटपाशी नारळ फोडला. मालक मूळचे कोल्हापूरचे, इथे बेंगळुरूच्या बोम्मसंद्र्यात शेड टाकून तीस वर्षं झाली, पण नारळाशिवाय त्यांचं पान हलत नाही. मला म्हणाले, "सुचेताबाई, आता सगळं तुमच्या हातात." मी मनात म्हटलं, कधी नव्हतं?

घरी नवऱ्याने, राजसने, विचारलं, तू नक्की करतेस काय ते मला दोन वाक्यांत सांग. म्हटलं, ऐक बाबा. गुलाबी बोंडअळीची मादी एक गंध सोडते आणि त्या गंधावर नर तिला शोधत येतो. आम्ही डब्यातला तो गंध मलमात घालून कापसाच्या झाडाझाडाला लावणार, म्हणजे रानभर मादीचाच वास. नर बिचारा फिरत राहणार, खरी मादी काही सापडणार नाही. मीलन नाही, अंडी नाहीत, अळी नाही, फवारणीही नाही. राजस म्हणाला, "मारतहळ्ळीत माझं पार्किंग शोधताना होतं तसं." हसू आलं, पण त्याला कळलं हे महत्त्वाचं.

मल्लाप्पाचा फोन झाला. आमचा फील्डवरचा माणूस, बेळगावकडे बैलहोंगलच्या पलीकडच्या एका गावचा. घरात मराठी, गावात कन्नड. सगळं गाव तयार झालंय म्हणाला. हे सोपं नव्हतं. एकट्याच्या रानात मलम लावून उपयोग नसतो, शेजारच्या रानातून गाभण मादी उडून येते. तेव्हा सगळे तरी हवेत किंवा कुणीच नको. महिनाभर तो घरोघरी बसला. सगळ्यात मोठं रान मल्हाररावांचं, ते अडून बसले होते. शेवटी म्हणाले, "औषधाचं मला कळत नाही. तू सांगतोस म्हणून." हे सांगताना मल्लाप्पाला काय वाटत होतं ते फोनवरूनही कळत होतं. मला म्हणाला, "मॅडम, आता तुम्हाला अक्का म्हणू काय? घरातल्यासारखं झालंय."

२७ जुलै

कटकट. या गंधात दोन घटक असतात आणि ते निम्मे-निम्मेच लागतात. प्रमाण चुकलं तर नर ढुंकून बघत नाही, आणि माणसाच्या नाकाला तर काहीच वास येत नाही. आमचं मशीन जुनं. त्याच्या आलेखावर दोन्ही घटकांचे उंचवटे एकमेकांना चिकटून येतात, कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं. चारदा चालवलं. मला तरी निम्मे-निम्मेच दिसले.

खरी परीक्षा म्हणजे रायचूरकडे, जिथे बोंडअळीचे पतंग उडतायत अशा रानात हा गंध टांगून बघायचा. पण त्यात दहा-बारा दिवस जातात आणि गावात पऱ्हाटीला पाते, म्हणजे कळ्या, लागायला सुरुवात झालीय. मलम फुलांच्या आधी लागलं तर लागलं, नाहीतर वर्ष गेलं. जयसिंगराव नखं खात म्हणाले, "तुम्ही ठरवा." मी ठरवलं. माझा हात आहे या कामात बसलेला.

सापळ्यांवरूनही थोडं वाजलं. रानात आम्ही कामगंध सापळेही लावतो. त्यात त्याच गंधाची एक गोळी असते. नर त्यात पडले तर समजायचं की अजून त्यांना वास नेमका सापडतोय, मलम कमी पडतंय. सापळा रिकामा म्हणजे मलमानं काम केलं. जयसिंगराव म्हणे, त्या गोळ्या बाहेरून विकत आणू. अहो, आपल्या मलमाची परीक्षा दुसऱ्याच्या गोळीनं? शोभतं का ते? याच डब्यातून केल्या सगळ्या गोळ्या.

४ ऑगस्ट

काल गावात होते. माती काळी, ऊन मधूनच, आणि सगळं गाव मलमाच्या पिचकाऱ्या घेऊन रानात उतरलेलं. म्हाताऱ्यांपासून सगळे. झाडाच्या बेचक्यात बोटाच्या पेराएवढा ठिपका ठेवायचा आणि पुढे जायचं. मल्लाप्पा या बांधावरून त्या बांधावर नुसता धावत होता. "स्वल्प वर लावा काका, खाली नको!" एका रात्रीत लग्न ठरल्यावर नवरदेवाच्या भावाची होते तशी धांदल.

त्याच्या आई सत्यवतीबाई. कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. मला भाकरी, मुद्दाम केलेली वांग्याची भाजी आणि शेंगाचटणी वाढली. जेवता जेवता म्हणाल्या, "आमचा मल्लाप्पा खोटं बोलत नाही म्हणून गाव ऐकतंय त्याचं. तेवढं सांभाळा." मी म्हटलं, "आई, तुम्ही निश्चिंत असा." किती बरं वाटलं हे म्हणताना!

१६ ऑगस्ट

सगळे सापळे रिकामे. एकही नर नाही. मी लॅबमध्ये ओरडलेच, पलीकडच्या वेल्डिंगवाल्या शेडमधला पोऱ्या बघायला आला. जयसिंगरावांनी म्हैसूरपाक मागवला.

राजस म्हणाला, अजून हंगाम सुरू व्हायचाय ना? पतंग असायला तरी हवेत. याला दोन वाक्यांत सांगितलं तीच चूक झाली, आता हा मला शिकवणार.

३० ऑगस्ट

रिकामे. शेजारच्या दुसऱ्या गावात, जिथे आमचं मलम नाही, तिथे शेतकऱ्यांच्या दुकानातून आणलेल्या सापळ्यांत म्हणे मूठ-मूठ नर पडतायत. आमच्याकडे शून्य. याहून मोठा पुरावा कोणता? दुसरा हातही लावून झाला मलमाचा.

११ सप्टेंबर

आज एक गोड प्रसंग. नियमाप्रमाणे आता दर आठवड्याला प्रत्येक रानातली वीस हिरवी बोंडं तोडून, फोडून आत बघायचं असतं. अळी बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. मल्लाप्पाचा फोन. आधी इकडचं तिकडचं, मग म्हणाला, "अक्का, बोंडं फोडायलाच पाहिजेत काय? आई नको म्हणालीया." त्यांच्याकडे शीगी हुण्णिमे असते, म्हणजे आपली कोजागरी. तोवर रान गरोदर धरतात. त्या दिवशी रानात जाऊन भूमीला ओटी, पाच तऱ्हेचा नैवेद्य, चक्क डोहाळजेवण. त्याआधी हिरवं बोंड फोडायचं म्हणजे पोटुशीच्या पोटाला सुरी लावण्यासारखं, असं सत्यवतीबाई म्हणतात. गावातल्या इतर बायकाही कुजबुजायला लागल्यात.

माझे डोळेच भरून आले. आपण शिकलेली माणसं जातो आणि लोकांच्या श्रद्धांवर आपले नियम आपटतो. मी नाही तशी. म्हटलं, "सरी, ठीक आहे, नको फोडूस. सापळे रिकामे आहेत ना? मग झालं तर." त्याने पुन्हा विचारलं, "एकपण नको?" म्हटलं, एकपण नको. आईंना सांग, अक्कांनी ऐकलं म्हणून.

जयसिंगरावांना सांगितलं तर म्हणाले, "पुण्याच्या लोकांना खेडं लई आवडतं." मी पुण्याची, म्हणून टोमणा. मी सोडून दिला.

२४ सप्टेंबर

मल्लाप्पाने दोन फुलांचे फोटो पाठवले. पाकळ्या उमललेल्या नाहीत, एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारख्या झालेल्या. डोमकळी. आत अळी असली की फूल असं होतं. मल्हाररावांच्या रानात दिसल्या म्हणे पाच-सहा. मी सांगितलं, पाच-सहा असणारच, मलम लावायच्या आधीच्या पतंगांची अंडी असतील. एवढ्यावरून घाबरायचं नाही.

फोन चालू असतानाच मल्हारराव तिथे आले असावेत. जाड आवाज ऐकू आला, "काय रे, बोंडं बघितलास काय फोडून? माझी बाईल विचारालीया." आणि मल्लाप्पा हसत म्हणाला, "बघितली की काका! दुधासारखी हायत आत." "माझ्या रानातली?" "तुमच्या रानातलीच." मग मला म्हणाला, "अक्का, ठेवतो." फोडली असतील बिचाऱ्याने एखाद-दोन, आईच्या नकळत. कसा धीर देतो लोकांना! हे आमच्या सेल्सच्या पोरांनी शिकावं त्याच्याकडून.

७ ऑक्टोबर

काल शीगी हुण्णिमे झाली. मल्लाप्पाने व्हिडिओ पाठवला. रानाच्या मधोमध पाच दगड मांडलेले, सत्यवतीबाई नवं लुगडं नेसून चारी दिशांना भात टाकतायत, बोंडांनी लगडलेली झाडं कमरेपर्यंत. राजसला दाखवलं. तोही बघत राहिला. म्हणाला, "आता फोडून बघता येतील ना बोंडं?" मी म्हटलं, आता कशाला? सापळे आजही रिकामेच आहेत.

१९ ऑक्टोबर

मल्लाप्पा हल्ली फोन कमी करतो. सुगी जवळ आली, कामात असेल. आज मीच केला तर "बरं हाय, बरं हाय" एवढंच. समाधानात माणूस फार बोलत नाही.

२९ ऑक्टोबर

लिहायला सुचत नाही. पहिली वेचणी लागली. बोंडं उघडतच नाहीयेत. जी उघडली ती अर्धी, आतला कापूस पिवळा, गाठी गाठी झालेला, सरकी पोकळ. तिकडे त्याला कवडी म्हणतात. मल्लाप्पा म्हणाला, "सगळीकडं तसंच हाय अक्का. कुणाचं रान सुटलं नाही." मी विचारलं, सापळे? "रिकामे," म्हणाला. 

मी म्हटलं, पावसाने असेल. परवा झाला ना अवकाळी? तो म्हणाला, "अळी हाय अक्का. गुलाबी. प्रत्येक बोंडात. तुम्ही नको म्हटल्यावर मी एकपण फोडलं नव्हतं."

३१ ऑक्टोबर

मल्लाप्पा काल बैलहोंगलला गेला, दुकानातून साधी दुसऱ्या कंपनीची गोळी विकत आणली आणि आमच्याच सापळ्यात आमची काढून ती लावली. सकाळी सापळ्याची पिशवी नरांनी भरलेली. त्याने फोटो पाठवलाय. खाली काही लिहिलेलं नाही.

म्हणजे पतंग सगळा वेळ तिथेच होते. आमची गोळी त्यांना कळलीच नाही, आणि मलमही नाही. दोन्ही एकाच डब्यातली. माझ्या गंधाला ते फसले नाहीत, की त्याच्यामागे आलेही नाहीत. आणि त्या रिकाम्या सापळ्यांवर मी म्हैसूरपाक खाल्ला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

४ नोव्हेंबर

हेब्बाळला एका मोठ्या लॅबमध्ये ओळखीने डब्यातलं उरलेलं तपासून घेतलं. एक घटक पाऊण, दुसरा पाव. त्यांचं मशीन नवं आहे, उंचवटे स्वच्छ वेगळे दिसतात. तिथल्या मुलीने सहज विचारलं, "मॅम, तुम्ही वापरण्याआधी फील्डमध्ये टांगून नाही बघितलं?" मी म्हटलं, वेळ नव्हता. ती "ओके" म्हणाली.

जयसिंगराव खुर्चीत बसून राहिले. ओरडतील वाटलं होतं. म्हणाले, "बाई, बाहेरच्या गोळ्या आणू म्हटलं होतं मी." एवढंच. मग म्हणाले, गावात काही बोलू नका, हंगाम खराब होता म्हणू, पुढच्या वर्षी सगळ्यांना मलम फुकट देऊ. मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "खरं बोलून कुणाचं रान उभं राहणार आहे का?"

६ नोव्हेंबर

मी गावात जाणार. ठरलं. सगळ्यांसमोर सांगणार की चूक माझी, मल्लाप्पाची नाही. त्याच्या शब्दावर लोक आले होते, त्याला तोंड दाखवता आलं पाहिजे. दुसरं काही मला आता सुधारता येणार नाही, पण एवढं येईल.

त्याला फोन केला तर घाबरलाच. "नको अक्का, येऊ नका. लोक औषधाला नावं ठेवालेत. मला कोण काय म्हणत नाही. काका पण म्हणाले, तू तरी काय करणार पोरा, कंपनीनं फसवलं तुला. तेवढ्यावर भागू द्या की." मी म्हटलं, मल्लाप्पा, तू फार चांगला आहेस. स्वतःवर एवढं घेऊ नकोस. तो म्हणाला, "तसं नाही अक्का. तुम्हाला कळत नाही. येऊ नका, पाया पडतो."

किती संकोची माणूस! राजस म्हणाला, नको म्हणतोय तर नको जाऊस. राजसला कधी कुणाचं मन कळलंय? मला या गोष्टीनं झोप नाही, ती लागली पाहिजे.

१० नोव्हेंबर

काल जाऊन आले. सगळं जसं झालं तसं लिहिते.

देवळाच्या कट्ट्यावर माणसं जमली होती. बायका बाजूला, सत्यवतीबाई त्यांच्यात. कुणी शिवी दिली नाही, उलट एकाने खुर्ची आणून दिली, चहा दिला. मल्लाप्पा खांबाला टेकून उभा. माझ्याकडे बघत नव्हता.

मी उभी राहिले आणि मराठीत सांगितलं. एक शाळामास्तर कन्नडमध्ये सांगत होते. डब्यातला गंध चुकीचा होता, तो रानात टांगून बघायला हवा होता, मी बघितला नाही. सापळे रिकामे होते ते त्याच्यामुळे.  लोक ऐकत होते. मल्हारराव मान हलवत होते, जणू त्यांना हे ठाऊकच होतं. मला बळ आलं. म्हटलं, आणि मल्लाप्पाला कुणी काही म्हणू नका. बोंडं फोडून बघितली असती तर सप्टेंबरातच कळलं असतं, फवारणी करून अर्धं तरी पीक हाती लागलं असतं. पण मीच त्याला नको म्हटलं. एकही बोंड फोडू नकोस असं मी सांगितलं, म्हणून त्यानं फोडलं नाही. त्याचा काही दोष नाही.

मास्तरांनी ते कन्नडमध्ये सांगितलं. 

मल्हाररावांनी मराठीतच विचारलं, "एकपण फोडलं नाही?" मी म्हटलं, "नाही, माझ्यामुळे." त्यांनी मल्लाप्पाकडे बघितलं. "दुधासारखी म्हणालास."  "माझ्याच रानातली म्हणालास. मी म्हटलो होतो एक फवारणी मारून घेतो. तू म्हणालास नको काका, मी डोळ्यानं बघितलंय." बायकांमध्ये कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. सत्यवतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी म्हणाले, अहो, त्यानं तुम्हाला धीर यावा म्हणूनच... पण मल्हारराव चप्पल घालत होते. भांडण नाही, तंटा नाही, एकेक माणूस उठून गेला. मास्तर म्हणाले, "मॅडम, तुमची बस चुकेल."

मल्लाप्पा स्टँडवर सोडायला आला नाही. आईजवळ थांबला असेल. मी जाताना म्हटलं, सगळं खरं सांगून टाकलं रे, आता तुझ्या डोक्यावर काही नाही. तो म्हणाला, "होय, मॅडम."

तेवढी एक थाप होती त्याची, तीही भल्यासाठी. चार दिवसांनी लोक विसरतील. बसमध्ये मला झोप लागली, किती दिवसांनी.

१३ नोव्हेंबर

फोन उचलत नाही. दोनदा केला. थोडा वेळ द्यायला हवा.

राजस रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "तू गेली नसतीस तर त्यांनी कंपनीला शिव्या दिल्या असत्या आणि तो त्यांचाच राहिला असता." मी ताटावरून उठले. म्हणजे मी खोटं बोलायला हवं होतं का? सगळ्यांना माझ्याकडून खोटंच हवं होतं का?

नंतर बराच वेळ बाल्कनीत बसले. मल्लाप्पाने येऊ नका का म्हटलं होतं ते मला तेव्हा कळलं. त्यानं किती सरळ सांगितलं होतं. पाया पडतो म्हणाला होता.

१७ नोव्हेंबर

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. सत्यवतीबाई. शेजारच्या पोरीच्या मोबाइलवरून करत होत्या. आवाज तसाच खणखणीत, पण मध्येच अडखळणारा.

"मॅडम, मल्लाप्पा पोचला न्हवं तुमच्याकडं?"

मी उत्तर द्यायच्या आधीच त्या पुढे बोलत राहिल्या. गावात त्याला कुणी हाक मारीना झालंय. पाण्याला गेला तरी माणसं तोंड फिरवतात. देवळात बसला तर बाकीचे उठून जातात. "चार दिवस जेवला नाही धड. मग परवा म्हणाला, बेंगळुरूला अक्कांकडं जातो, कंपनीत काय काम मिळालं तर बघतो. पिशवी घेऊन गेला. फोन घरातच ठेवून गेला की हो खुळा, मला तो उघडत नाही, तुमचा नंबर त्याच्या वहीत गावला. म्हटलं विचारावं."

तो आलेला नाही. बोम्मसंद्र्याला नाही, माझ्याकडे नाही. मला त्याचा निरोपही नाही.

"मॅडम? हाय न्हवं तिथं?"

मी म्हटलं, "हो आई. आहे."

"जेवला काय?"

"जेवला. आत्ताच जेवला."

त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. म्हणाल्या, "तुमचं बरं होवो. जरा त्याला फोन द्या, नुसता आवाज ऐकते."

मी म्हटलं, जयसिंगरावांबरोबर बाहेर गेलाय, संध्याकाळी आला की करेल.

मग राजसला ऑफिसातून बोलावून घेतलं. हेब्बाळला मल्लाप्पाचा चुलतभाऊ असतो, येतो तेव्हा तो तिथेच उतरतो. त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, आला नाही, काय झालंय? आता राजस गाडी घेऊन मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर बघायला गेलाय, जयसिंगरावांनी दोन माणसं रेल्वे स्टेशनवर पाठवलीत. मला घरी थांब म्हणाले, फोन आला तर कुणी असावं म्हणून.

सत्यवतीबाईंना मी सांगितलंय की तो संध्याकाळी फोन करील. पाच वाजून गेलेत.